पहिला ग्राहक दुकानदार

सोळा रस्ते एकत्र आणणाऱ्या लातूरच्या गंजगोलाईत अथवा नांदेडच्या वजिराबादेत विद्युत उपकरणांचा व्यापार करणाऱ्या जुन्या पेढ्यांना टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमचे दिवस आठवत असतील. 1990 च्या दशकात कॅसेट घालून चालणारी ही यंत्रे दिवाळी आणि उन्हाळी सुटीच्या तोंडावर चांगली खपत. बहुतेक यंत्रे निन्टेन्डो या जपानी कंपनीच्या यंत्राच्या नकला असत. खोक्यावर नाव कोणतेही असो, किंमत मध्यमवर्गाला झेपणारी असे. त्याच काळात निन्टेन्डोची प्रतिस्पर्धी सेगा हिने शॉ वॉलेसशी करार करून आपले ‘मेगा ड्राइव्ह’ भारतात आणले. ऐंशी टक्के आयातशुल्क टाळण्याची ती वाट होती. तरीही एका यंत्राची किंमत 18,000 रुपयांवर गेली. एवढ्या रकमेत त्या वेळी घरात रंगीत टीव्ही येत असे, मग मुलांच्या खेळण्यावर ती कोण खर्च करणार?

भारतातील हे अपयश सेगाच्या हिशेबात किरकोळ होते. अमेरिकेत ती निन्टेन्डोच्या बरोबरीने उभी होती. तिचा पाय घसरला तो तेथेच, आणि तोही यंत्राच्या दोषामुळे नव्हे.

सेगाचे पुढचे यंत्र ‘सॅटर्न’ अमेरिकेत 2 सप्टेंबर 1995 रोजी विक्रीस येणार, असे जाहीर झाले होते. दुकानदारांनी त्या बेताने जागा, पैसा आणि जाहिरात यांची जुळवाजुळव चालवली होती. सोनीचे ‘प्लेस्टेशन’ही त्याच सुमारास येणार होते. त्याच्या आधी बाजार काबीज करावा म्हणून टोकियोच्या मुख्य कार्यालयाने घाई केली. 11 मे रोजी लॉस एंजेलिसच्या व्यापारी प्रदर्शनात सेगाने अचानक सांगितले की सॅटर्न दुकानांत पोहोचलेही आहे, किंमत 399 डॉलर. मात्र माल केवळ चार निवडक साखळी दुकानांना दिला होता. बाकीच्या व्यापाऱ्यांना ही बातमी इतर जगाबरोबरच कळली. वर्षानुवर्षे सेगाचा माल विकलेल्या केबी टॉइज या मोठ्या साखळीने संतापून सॅटर्न ठेवण्यास नकार दिला. खेळ तयार करणाऱ्या कंपन्याही सप्टेंबरच्या हिशेबाने काम करीत होत्या. त्यामुळे यंत्र आले, पण त्यावर खेळायला पुरेसे खेळ नव्हते. त्याच प्रदर्शनात सोनीचे अधिकारी स्टीव्ह रेस व्यासपीठावर आले, ‘299’ एवढा एकच आकडा उच्चारला आणि खाली उतरले. पुढे प्लेस्टेशन दहा कोटींवर विकले गेले. सॅटर्न एक कोटीपर्यंतही पोहोचले नाही.

मराठवाड्यातील व्यापाऱ्याला ही कथा परकी वाटू नये. मोबाइलचे नवे मॉडेल आधी ऑनलाइन आणि मागाहून दुकानात, हा प्रकार आता नित्याचा आहे. फलकावर त्याच कंपनीचे नाव मिरवणाऱ्या दुकानदाराला ‘आमच्याकडे अजून आला नाही’ असे नेहमीच्या गिऱ्हाइकाला सांगावे लागते, तेव्हा कमी होते ती पत कंपनीची की दुकानाची? कंपनी बुडाली तर प्रश्न आणखी अवघड होतो. छत्रपती संभाजीनगरजवळच्या चितेगावात मोठा कारखाना असलेली व्हिडिओकॉन ही आपल्या विभागाच्या अभिमानाची नाममुद्रा. आधी कोरियन कंपन्यांनी तिची बाजारपेठ व्यापली, पुढे कर्जाचा डोंगर झाला आणि 2018 मध्ये प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेले. अशा वेळी हमीपत्र घेऊन येणारा ग्राहक कंपनीचा पत्ता शोधत बसत नाही. तो ज्या दुकानातून वस्तू नेली तेथेच येतो.

सेगाने आणखी एक डाव खेळला. 9 सप्टेंबर 1999 रोजी अमेरिकेत आलेले ‘ड्रीमकास्ट’ जाणकारांच्या मते उत्तम यंत्र होते. किंमत 199 डॉलर, इंटरनेटसाठी आत मोडेम बसवलेला, आणि पहिल्या चोवीस तासांत सव्वादोन लाख नगांची विक्री. परंतु दुधाने तोंड पोळलेला बाजार ताक फुंकून पीत होता. क्रीडा-खेळांसाठी प्रसिद्ध असलेल्या इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने ड्रीमकास्टसाठी एकही खेळ दिला नाही. ग्राहकही थांबला, कारण सोनीच्या ‘प्लेस्टेशन 2’ ची घोषणा झालेली होती आणि त्यावर डीव्हीडी चित्रपटही पाहता येणार होते. एका पैशात दोन वस्तू मिळत असतील तर वाट पाहण्यास गिऱ्हाईक तयार असते, हे कापडाच्या गादीवर बसणाऱ्यालाही ठाऊक आहे. 31 जानेवारी 2001 रोजी सेगाने जाहीर केले की मार्चनंतर ड्रीमकास्टचे उत्पादन होणार नाही. उरलेला माल खपवण्यासाठी किंमत 99 डॉलरवर आणली गेली.

या पडत्या काळातील एक व्यक्ती मात्र विसरता येत नाही. सेगाचे अध्यक्ष इसाओ ओकावा यांचे मत यंत्रनिर्मिती सोडावी असेच पूर्वीपासून होते. तरीही कंपनी तोट्यात असताना त्यांनी स्वतःच्या पैशातून तिला मोठे कर्ज दिले होते. मृत्यूपूर्वी त्यांनी ते कर्ज माफ केले आणि आपले समभागही कंपनीला परत केले. या समभागांचे मूल्य सुमारे 69 कोटी 50 लाख डॉलर होते. 16 मार्च 2001 रोजी त्यांचे निधन झाले. त्या आधाराने सेगा तगली. तिने यंत्रे बनवणे सोडले आणि केवळ खेळ तयार करून इतरांच्या यंत्रांसाठी विकण्यास सुरुवात केली. त्याच वर्षाच्या अखेरीस सेगाचा लाडका निळा सोनिक निन्टेन्डोच्या यंत्रावर धावू लागला.