रुपया वाढावा, पण कोणत्या दाराने?

मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई.



आमचं बेगडेवाडी स्टेशन देहूरोड आणि तळेगावच्या मधलं. देहूरोडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी बुद्धमूर्ती बसवली, तळेगावात त्यांचा बंगला आहे. रुपयाबद्दल बोलायला शेजार चांगला.

'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' या १९२३ च्या ग्रंथात त्यांनी थेट अर्थशास्त्रज्ञ केन्सला विरोध केला. केन्सला पसंत असलेल्या सुवर्ण विनिमय पद्धतीत रुपये किती पाडायचे हे सरकारच्या मर्जीवर. बाबासाहेब म्हणाले, रुपयांची संख्या गोठवा, टांकसाळ सरकारलाही बंद करा, पुढची भर सोन्याच्या नाण्यांनी पडू द्या. भाव आधी चढतात, मजुरी मागून रखडत येते, हा त्यांचा एक आक्षेप. १९२५ मध्ये चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढेही ते हेच बोलले.

त्यांचा उपाय मला पटत नाही. माल वाढला आणि पैसा तेवढाच राहिला, तर भाव पडतात आणि जुनं कर्ज जड होतं. महामंदीत सोन्याला चिकटून राहिलेल्या देशांनी ते भोगलं. ब्रिटनने १९३१ मध्येच सोनं सोडलं. २ कोटी १० लाखांवर थांबणाऱ्या बिटकॉइनवर भाळलेल्या पोरांना मी हेच सांगतो. ऐकत नाहीत.

नव्या पैशाने आधी भाव चढतात, ही शंका मात्र बाबासाहेबांचीच खरी. आज बहुतेक पैसा बँकांच्या कर्जातून जन्मतो: कर्ज मंजूर झालं की तेवढी ठेव तयार. तळेगाव एमआयडीसीत यंत्रासाठी कर्ज दिलं, तर पाठोपाठ माल येतो. प्लॉटसाठी दिलं तर? आमच्या मावळ तालुक्यातली जमीन गुंठाभरही वाढत नाही, वाढतो तो भाव. इंद्रायणी भाताच्या खाचरांत सिमेंटचे खांब उभे राहतात आणि तिथेच लावणी करणाऱ्या बाईला घरापुरती जागा परवडत नाही.

खासगी बिल्डरला निव्वळ जमीनखरेदीसाठी बँकांनी कर्ज देऊ नये, हे तुमचेच निर्देश. मग गुंतवणूक म्हणून तिसरा प्लॉट घेणाऱ्याला कर्ज का मिळावं? पैसा आवळा, असं माझं म्हणणं नाही. रेपो दर चढवला तर कारखानदारही त्यात भरडला जातो. घरकर्जात घेणाऱ्याने पदरचे किती टक्के घालायचे हे तुम्ही ठरवताच. बांधकामाविना पडून राहणाऱ्या प्लॉटसाठी ते प्रमाण पुष्कळ वाढवा. आणि पतधोरण जाहीर करताना एवढं सांगत चला, की नव्या कर्जातलं किती काही उभारायला गेलं आणि किती आहे तीच जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जायला.

आपला,
बेगडेवाडीचा एक ठेवीदार