गेलेली पाने

दिवाळीच्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. तिचे दुसरे नाव द्यूतप्रतिपदा आहे, हे मात्र वडीलधारी मंडळी मुलांना सहसा सांगत नाहीत. त्या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळली आणि पार्वतीने बाजी मारली, अशी कथा आहे. तेव्हा या मुहूर्तावर पत्त्यांच्या एका बोलपटाविषयी चार शब्द लिहिले, तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

बोलपटाचे नाव 'द कार्ड काउंटर'. तो 2021 साली व्हेनिसच्या महोत्सवात प्रथम दाखवला गेला. लेखक-दिग्दर्शक पॉल श्रेडर. 1976 सालच्या 'टॅक्सी ड्रायव्हर'ची पटकथा यांचीच. चित्र थोडक्या पैशांत उरकलेले. अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात बिलॉक्सी गावी चित्रण चालू असताना, मार्च 2020 मध्ये कोरोनाच्या साथीमुळे ते थांबले आणि जुलैत पुन्हा सुरू झाले. यात ना भव्य देखावे, ना मोटारींच्या शर्यती. जुगारघरांतले गालिचे, स्वस्त लॉजांच्या खोल्या आणि एक अबोल माणूस, एवढ्यावरच सारा संसार.

हा माणूस पत्ते मोजतो. मोजतो म्हणजे काय, हे मेंढीकोट खेळणाऱ्या घराला समजावून सांगायला नको. तीन मेंढ्या उतरल्या, चौथी कोणाच्या हातात, हुकमाची किती पाने गेली, याचा हिशेब आपल्याकडची आजीसुद्धा वाती वळता वळता ठेवते. 'ब्लॅकजॅक' या खेळात हेच करायचे असते. एकविसाच्या जास्तीत जास्त जवळ जायचे, पण पुढे जायचे नाही, हा तिथला नियम. एक्का आणि दहाच्या मोलाची पाने जोडात जास्त उरली असतील, तर पारडे खेळणाऱ्याकडे झुकते. कारण पहिल्या दोन पानांतच एकवीस जमले, तर जुन्या नियमाप्रमाणे पैजेच्या दीडपट मिळतात. शिवाय सतरा होईपर्यंत पान घेण्याची सक्ती जुगारघरावर असल्याने तेच एकविसाच्या पलीकडे कोसळण्याचा संभव वाढतो. म्हणून दुरी ते छक्की उतरली की मनात एक मिळवायचा, दहा ते एक्का उतरला की एक वजा करायचा. सत्ती, अठ्ठी, नव्वी यांना शून्य. बेरीज वाढली की पैज वाढवायची. इतके करून हाती लागणारा फायदा शेकडा एखाद-दीड टक्क्याचा! आपल्या पोस्टातल्या खात्यालाही याहून जास्त व्याज मिळते.

ही युक्ती प्रथम कोणा भामट्याने नव्हे, तर गणिताच्या एका प्राध्यापकाने सिद्ध केली. एडवर्ड थॉर्प यांनी 'आयबीएम 704' या अवाढव्य गणकयंत्रावर आकडेमोड केली आणि 1962 साली 'बीट द डीलर' हे पुस्तक लिहिले. त्यांच्या म्हणण्याचे सार सोपे आहे. फाशाला आठवण नसते. प्रत्येक वेळी तो कोऱ्या मनाने पडतो. पण पत्त्यांच्या जोडाला आठवण असते, कारण गेलेले पान त्या डावात परत येत नाही. जुगारघरांनी मग एकाऐवजी सहा-सहा, आठ-आठ जोड एकत्र पिसायला सुरुवात केली. डोक्यात हिशेब ठेवणे हा तिथे गुन्हा नाही. पण नेवाडा राज्यात असा हुशार गिऱ्हाईक दिसला, की त्याला दार दाखवता येते. न्यू जर्सीत मात्र 1982 साली सर्वोच्च न्यायालयाने ही मुभा जुगारघरांना नाकारली.

आपला नायक म्हणूनच थोडे जिंकतो आणि निघून जातो. कोणाच्या नजरेत भरायचे नाही, हा त्याचा नेम. लॉजच्या खोलीत गेला की प्रत्येक खुर्ची-टेबल पांढऱ्या चादरींत गुंडाळून दोरीने बांधतो. हे वेड कशाचे, ते हळूहळू उलगडते. बगदादजवळच्या अबू घ्रैब तुरुंगात कैद्यांचा छळ करणाऱ्या अमेरिकन सैनिकांपैकी हा एक. त्या छळाची छायाचित्रे 2004 साली जगापुढे आली, आणि खालच्या पायरीवरील काही सैनिकांना खरोखरच शिक्षा झाल्या. कथेतल्या नायकानेही लष्करी तुरुंगात अनेक वर्षे काढली आहेत. पत्ते मोजायला तो तिथेच शिकला. छळाचे धडे देणारा मेजर मात्र मोकळा, सुखवस्तू हिंडतो आहे. त्याचा सूड घ्यायला निघालेला एक कोवळा तरुण नायकाला भेटतो, आणि मोजूनमापून जगणारा हा माणूस प्रथमच हिशेबाबाहेरची पैज लावतो. जुगारात पैसे कमवायचे, पोराचे कर्ज फेडायचे आणि त्याला आईकडे परत पाठवायचे.

इथे मला नलोपाख्यान आठवले. वर्गात ते निघाले, की विद्यार्थी स्वयंवरापाशीच रेंगाळतात. आमच्या रघुनाथ पंडितांनीही स्वयंवराचेच आख्यान लावले. पण खरे मर्म पुढे आहे. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे नुसत्या नजरेने मोजतो. नळ रथ थांबवून फळे मोजून पाहतो, तर आकडा बरोबर! मग तो ती अक्षविद्या शिकतो, आणि त्याच क्षणी अंगातला कली बाहेर पडतो. एका डावात नळ राज्य परत मिळवतो. आणि ज्या पुष्कराने त्याला देशोधडीला लावले, त्या भावाला क्षमा करून त्याचा वाटा देऊन टाकतो.

नळाची विद्या द्यूतात कामी आली, पण क्षमेच्या वेळी त्याने ती वापरली नाही. भावाने किती छळले, किती दिवस रानात काढले, याची बेरीज तो मांडत बसला नाही. श्रेडरच्या नायकाला नेमके हेच साधत नाही. त्याला पत्ते मोजता येतात. पण आपण दिलेल्या यातना किती आणि भोगलेली शिक्षा किती, ही वजाबाकी त्याची कधी शून्यावर येत नाही. त्याचा कली अंगातच राहतो. त्या तरुणाला तो वाचवू शकतो की नाही, ते पडद्यावरच पाहावे.

पाडव्याला पत्ते जरूर खेळा. डाव संपला की जोड पिसा, आणि मागच्या डावातली भांडणेही त्याबरोबर पिसून टाका. पत्त्यांना ते आपोआप जमते. माणसांना मात्र ठरवून करावे लागते.