वाऱ्याच्या आधारावर

देवरूखच्या आसपासच्या सड्यांवर ऊन तापू लागले की एखादी घार किंवा सर्पगरुड आकाशात संथ घिरट्या घालीत वर चढताना दिसतो. पंख पसरलेले असतात, फडफड जवळजवळ नसते. तापलेल्या कातळावरची हवा हलकी होऊन वर उठते आणि पक्षी तिच्यावर स्वार होतो. पुरेशी उंची मिळाली की तो पंख स्थिर ठेवून दूरवर घसरत जातो व पुढचा ऊर्ध्वप्रवाह गाठतो.

स्थलांतर करणारे मोठे पक्षी हजारो किलोमीटरचा पल्ला बहुतांशी याच रीतीने कापतात. दोन-तीन किलोंचा देह केवळ पंख मारून वाहून न्यावयाचा, तर अंगावर साठविलेली चरबी वाटेतच संपेल. ती चरबी हेच त्यांचे भांडवल असते. म्हणून सायंकाळी हवा थंडावली की गरुड उतरतो आणि दुसऱ्या दिवशीच्या उन्हाची वाट पाहतो.

समुद्रावर मात्र असे प्रवाह फारसे उठत नाहीत. जेमतेम दीड-दोनशे ग्रॅमचा अमूर ससाणा महाराष्ट्रावरून पुढे जाऊन, अनुकूल वाऱ्याच्या साहाय्याने, अरबी समुद्र ओलांडतो व आफ्रिका गाठतो. त्याच्या कितीतरी पट बलवान असलेल्या गरुडाला हे साहस परवडत नाही. मध्य आशियातून आफ्रिकेस जाणारे स्टेपी गरुड जमिनीवरून मोठा वळसा घेतात आणि सुएझपाशी किंवा बाब-अल-मंदेबच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीपाशीच पलीकडे जातात. लांबचा रस्ता कधी कधी स्वस्त पडतो, हे व्यापारी घराण्यांना निराळे सांगावयास नको.

भारतात येणाऱ्यांपुढे समुद्राऐवजी हिमालय उभा असतो. मंगोलिया आणि मध्य आशियाकडून येणारे करकोचे, राजस्थानातील भाषेत कुरजां, शरद ऋतूत नेपाळातील काली गंडकीच्या खोऱ्यातून दक्षिणेस उतरतात. एका बाजूस धौलागिरी, दुसऱ्या बाजूस अन्नपूर्णा; दोन्ही आठ हजार मीटरांहून उंच. दिवस चढला की या खोऱ्यात दक्षिणेकडून प्रचंड वारा वाहू लागतो, म्हणजे थव्याच्या अगदी तोंडावर. वर विरळ हवेत पंखांना आधार कमी मिळतो. उंची साधली नाही तर सारा थवा माघारी फिरतो आणि पुन्हा प्रयत्न करतो. सोनेरी गरुड टपलेले असतातच. थव्यातून मागे पडलेले कोवळे पिल्लू त्यांच्या तावडीत सापडते.

इतके सोसून आलेल्या पक्ष्यांचे राजस्थानच्या वाळवंटात दोन प्रकारे स्वागत होते. फलोदीजवळच्या खीचन गावी जैन कुटुंबे कबुतरांसाठी धान्य टाकीत. त्या दाण्यांवर कुरजां उतरू लागल्या. प्रारंभी शे-दीडशे असतील. आज एका हंगामात तेथे सहस्रावधी कुरजां येतात. रतनलाल मालू यांनी ही सेवा दशकानुदशके चालविली. जून 2025 मध्ये खीचनला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला.

स्टेपी गरुड मात्र दाणे टिपत नाही. बिकानेरजवळील जोडबीड येथे मेलेल्या गुरांवर हे गरुड हिवाळ्यात मोठ्या संख्येने जमतात. राजस्थानात मृत आढळलेल्या दोन स्टेपी गरुडांच्या शरीरात डायक्लोफिनॅक सापडल्याचे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांची मूत्रपिंडे गिधाडांप्रमाणेच निकामी झाली होती. आजारी गुराच्या वेदना शमविण्यासाठी दिलेले औषध, गुरू दगावल्यावर, त्याच्या मांसातून पक्ष्याच्या पोटात जाते. जनावरांसाठी हे औषध बनविण्यास 2006 मध्ये बंदी झाली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गोठ्यांत पोहोचत राहिल्या. म्हणून 2015 मध्ये कुपीचा आकार 3 मिलिलिटरपुरता मर्यादित करण्यात आला. एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेन यांवर 2023 मध्ये बंदी आली. मेलॉक्सिकॅम गिधाडांना निर्धोक आढळले आहे आणि गुरांच्या वेदनेवरही ते गुणकारी आहे. पांजरपोळाचा कारभार पाहणाऱ्या विश्वस्तांना औषधांच्या कपाटात कोणती कुपी आहे, हे एका भेटीत पाहता येते.

मार्चच्या सुमारास खीचनची तळी रिकामी होऊ लागतात. अंगावर पुन्हा चरबी चढलेली असते, ऊन वाढते, आणि कुरजां वर उठणाऱ्या हवेत घिरट्या घेत उत्तरेकडे वळतात.