गुंजेची वेल : बी पेरण्यापूर्वी

आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, हे कोष्टक सराफी पेढीवर वाढलेल्या पिढ्यांना पाढ्यांइतकेच पाठ असे. त्या हिशेबाने शहाण्णव गुंजा म्हणजे एक तोळा, अर्थात ११.६६४ ग्रॅम. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक वजने आली, पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि गुंज तराजूतून उतरली. तरीही ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या व्यापारी घरांत एखाद्या पेटीच्या कप्प्यात ती अजून सापडते. गुजरातीत चणोठी, मारवाडीत चिरमी म्हणतात ती हीच लालभडक, काळ्या टोकाची बी. दिवाळीच्या पूजेनंतर ती तिजोरीतही ठेवली जाते.

अशी बी हाताशी असली की कुंडीत लावून पाहावीशी वाटणे स्वाभाविक आहे. वेल देखणी असते. चिंचेसारखी बारीक, जोडीजोडीने लागलेली पाने, फिकट गुलाबी-जांभळ्या फुलांचे घोस आणि थंडीत शेंगा उकलल्या की माणकांसारख्या बिया. पाने ज्येष्ठमधासारखी गोड लागतात. ती विड्यात घालण्याची आणि घसा बसला असता चघळण्याची रीत जुनी आहे.

बीची गोष्ट मात्र निराळी. तिच्यात अब्रिन नावाचे प्रथिन असते. ते शरीरातील पेशींची प्रथिने तयार करण्याची क्रियाच थांबवते आणि त्यावर उतारा नाही. मग ही बी शतकानुशतके हाताळूनही सराफांना बाधली कशी नाही? उत्तर तिच्या कवचात आहे. ते इतके घट्ट असते की पिकलेली बी चुकून अख्खी गिळली गेली, तरी बहुधा तशीच बाहेर पडते. चावली, भोसकली किंवा कुटली गेली की विषाला वाट मिळते. आणि पेरणाऱ्याला नेमके हे कवचच दुबळे करावे लागते, कारण एरवी पाणी आत शिरत नाही आणि बी मातीत महिनोन्‌महिने निपचित पडून राहते.

बागकामाच्या पुस्तकांत बी सॅंडपेपरवर घासण्याचा उपाय असतो. घरात तो टाळलेला बरा. घासताना उडणारी पूडच घातक. त्यापेक्षा जून उजाडताना चार-पाच बिया जुन्या पेल्यात घ्याव्यात, वर कढत पाणी ओतावे आणि रात्रभर राहू द्यावे. सकाळी ज्या फुगल्या असतील त्या पेराव्यात. न फुगलेल्यांना पुन्हा एकदा तसेच पाणी द्यावे. फुगलेली बी मऊ झालेली असते, म्हणजे आता ती निरुपद्रवी राहिलेली नाही. ती मोजून पेरावी, हात साबणाने धुवावेत आणि तो पेला पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नये. अडकित्ता, खलबत्ता यांना तर या कामात हातच लावू नये.

पेरणी बोटाच्या अर्ध्या पेराइतकी खोल. माती निचऱ्याची, ऊन भरपूर. वेल शेंगवर्गीय असल्यामुळे खताचा मारा नको. गॅलरीच्या जाळीचा आधार तिला पुरतो.

आयुर्वेद गुंजेला उपविषांत गणतो आणि शोधन केल्याखेरीज बी वापरत नाही. औषध नियमांच्या विषारी द्रव्यांच्या यादीतही तिचे नाव आहे. पांढरी गुंजही याला अपवाद नाही. म्हणून घरी बीचे चूर्ण, लेप, तेल यांपैकी काहीही करू नये. गरोदर स्त्रियांनी पानेही वैद्यांना विचारल्याविना घेऊ नयेत. गुंजांच्या माळा आणि बांगड्यांबाबतही हीच सावधगिरी हवी, कारण ओवताना प्रत्येक बीला भोक पडलेले असते. २०११ मध्ये इंग्लंडमधील ईडन प्रोजेक्ट या प्रसिद्ध उद्यानाने अशा बियांची सुमारे २,८०० कंकणे ग्राहकांकडून परत मागवली होती.

ज्या घरात रांगते मूल आहे, तिथे शेंगा हिरव्या असतानाच कापून टाकाव्यात, कारण कोवळी बी मऊ आणि अधिक धोक्याची. मुलाने बी चावल्याची नुसती शंका आली, तरी लक्षणांची वाट पाहू नये. उलट्या-जुलाब सुरू व्हायला कित्येक तास, कधी दिवसही लागतो. घरी उलटी काढण्याच्या फंदात न पडता, उरलेली बी सोबत घेऊन कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई, डोंबिवलीचे शास्त्रीनगर किंवा जे जवळ असेल ते रुग्णालय गाठावे.

शेंगा काढल्या तरी वेलीची मौज उणावत नाही. सूर्यास्ताच्या सुमारास, घरात चौविहाराची लगबग चालू असते तेव्हा, पानांच्या जोड्या खाली मिटू लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नोवाक नावाच्या एका गृहस्थाने या हालचालींवरून हवामान सांगण्याचा दावा केला होता. लंडनच्या क्यू उद्यानात तो तपासला गेला, तेव्हा पाने उजेड आणि उष्णता यांच्याप्रमाणे हलतात, पावसाची वर्दी देत नाहीत, असे ठरले.