चार मित्र, दोन कुत्रे आणि एक रानकोंबडा

गेल्या नाताळानंतरची गोष्ट. अलिबाग परिसरातील एका भाविक कुटुंबाच्या नव्या घराला आशीर्वाद देण्यासाठी आम्ही गेलो होतो. प्रार्थना झाली, चहापान झाले आणि यजमानांनी कौतुकाने मोबाइलवरील काही छायाचित्रे आमच्यापुढे धरली. त्यांचा भाचा इंग्लंडमध्ये नोकरीस आहे. तेथील मित्रांबरोबर तो एका शनिवारी फेझंट पक्ष्यांच्या शिकारीला गेला होता. धुक्यात बुडालेले माळरान, गुडघ्यापर्यंत बूट चढवलेली पाच-सहा माणसे, जिभा बाहेर काढून बसलेले दोन स्पॅनियल कुत्रे आणि गवतावर ओळीने मांडलेले तांबूस-सोनेरी पक्षी. चित्र मोठे प्रसन्न होते, हे आम्ही नाकारत नाही.

मग यजमान म्हणाले, "फादर, हे आपल्याकडेही जमतं. येत्या शनिवारी आम्ही चौघे डोंगराकडे जाणार आहोत. दोन कुत्रे आहेत, एक छऱ्याची बंदूक आहे. फार काही नाही, दोन-चार रानकोंबड्या. विकायच्या थोड्याच आहेत? तुम्हाला रस्सा पाठवून देतो."

आम्ही हसलो. "बघू, बघू," असे काहीसे पुटपुटून निघालो. त्या रात्री ते हसणे आम्हाला बोचत राहिले. त्याहून वाईट कबुली अशी की, तरुण वयात एका डोंगराळ धर्मग्रामात असताना असाच रस्सा आमच्या ताटात वाढला गेला होता आणि आम्ही तो दुसऱ्यांदा मागून घेतला होता. तेव्हा या लेखात कोणाकडे बोट दाखवायचे झाले तर पहिले बोट आमच्याकडेच आहे. यजमानांना त्या दिवशी जे उत्तर द्यायला हवे होते, ते आज येथे देत आहोत.

ज्याचा रस्सा होणार होता तो कोण, हे आधी पाहू. आपल्या डोंगरउतारांवर पहाटे तुटक स्वरात आरवणारा तो राखी रानकोंबडा. मोर, तित्तर, लावा आणि विलायतेतील फेझंट या साऱ्यांचे आणि याचे कूळ एकच. भारतीय द्वीपकल्पाबाहेर हा पक्षी निसर्गतः आढळत नाही. नराच्या मानेवरील पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळसर ठिपके असतात. त्या पिसांपायी एके काळी हे पक्षी मोठ्या संख्येने मारले गेले, कारण युरोपातील हौशी मासेमार गळाला लावण्याच्या खोट्या माश्या त्यांपासून बनवीत. आपल्या खुराड्यातील कोंबडीशीही त्याचे नाते आहे. तिच्या पायांचा पिवळा रंग या राखी रानकोंबड्याकडून आलेला आहे, असे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवून दिले. म्हणजे हा आपल्या अंगणाचा सोयरा आहे.

आता यजमानांचे युक्तिवाद एकेक करून घेऊ. ते केवळ त्यांचेच नाहीत. आपल्यापैकी अनेकांच्या ओठांवर ते असतात.

पहिला युक्तिवाद असा की, शिकार लहानशी आहे, मित्रामित्रांतली आहे. आमच्या मते हाच सर्वांत फसवा युक्तिवाद होय. मोठी शिकार डोळ्यांत भरते. वाघाची कातडी पकडली गेली की वर्तमानपत्रे छापतात. परंतु चार मित्रांनी मारलेल्या चार पक्ष्यांची नोंद कोणी करीत नाही. या गावात चार मित्र, पलीकडच्या वाडीत चार मित्र, शनिवार-रविवारी मुंबईहून बंगल्यावर आलेले आणखी चार मित्र. प्रत्येक टोळी म्हणते, आमचे ते कितीसे? डोंगराला मात्र सगळ्यांची बेरीज सोसावी लागते. शिवाय छऱ्याच्या बंदुकीने प्रत्येक पक्षी जागीच पडतो असे नाही. जखमी होऊन करवंदीच्या जाळीत शिरलेला आणि तिथेच तडफडून मेलेला पक्षी कोणाच्या हिशेबात येतो?

दुसरा युक्तिवाद विलायतेचा. तेथे सुशिक्षित, सुसंस्कृत माणसे हेच करतात ना? करतात खरी. पण त्या छायाचित्रामागील व्यवहार समजून घ्यावा. फेझंट हा मुळात इंग्लंडचा पक्षी नव्हे, तो आशियातून तेथे नेला गेला. आजही दरवर्षी कोट्यवधी फेझंट उबवणुकीत वाढवून केवळ शिकारीसाठी तेथील रानात सोडले जातात. ते योग्य की अयोग्य यावर तेथेही वाद चालू आहेत. आपला रानकोंबडा कोणी उबवून सोडलेला नाही. त्याची मादी जमिनीवरच्या पालापाचोळ्यात चार ते सात अंडी घालते. मुंगूस, साप, वणवा या साऱ्यांतून जे पिलू वाचते, तेच पुढे कोंबडा होते. विलायतेतील शिकारी स्वतः भरलेल्या कणगीतून धान्य काढतो, आपण कोणीही न पेरलेले उचलून आणतो. हे दोन्ही एकाच मापाने मोजता येणार नाही.

तिसरा युक्तिवाद आजोबांचा. आमचे आजोबा परवाना घेऊन शिकार करीत, असे अनेक घरांत अभिमानाने सांगितले जाते. ते खरेही असेल. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हाही परवान्याने काही शिकार करता येत असे. १९९१ च्या दुरुस्तीने ती परवान्याची वाट बंद झाली. म्हणजे आजोबांची बंदूक भिंतीवर राहिली असली तरी त्यांचा परवाना उरलेला नाही. "छऱ्याच्या बंदुकीला कुठे परवाना लागतो?" असे विचारणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की, कमी ताकदीच्या अशा बंदुकीला शस्त्रपरवाना लागत नसेल, पण पक्षी कशाने मारला याच्याशी वन्यजीव कायद्याला कर्तव्य नाही. गोळी असो, फास असो वा गलोल असो, मारणे, पकडणे आणि तसा प्रयत्न करणे यांना कायदा शिकारच म्हणतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. पहिल्या अनुसूचीतील प्राण्यांसाठी शिक्षा याहून कडक आहे. असे मांस जवळ बाळगणेही कायद्याविरुद्ध आहे. रस्सा ज्याच्या घरी पाठवला जातो, त्या धर्मगुरूलाही ते लागू होते.

चौथा युक्तिवाद शेतकऱ्याचा आहे आणि तो आम्ही हलका मानीत नाही. रानडुकरांनी एका रात्रीत भाताची खाचरे नासवलेली आम्ही पाहिली आहेत. वर्षाचे पीक गेलेल्या माणसाला पक्षीप्रेमाचे प्रवचन देण्याचा आम्हाला अधिकार नाही. पण त्यासाठी कायद्याने दार उघडे ठेवले आहे. पीक नासवणाऱ्या प्राण्याबाबत वनखात्याकडे रीतसर परवानगी मागता येते, नुकसानभरपाईही मागता येते. ते दार अरुंद असेल, कागदपत्रांची कटकट असेल, तर ते रुंद करा म्हणून आपण सारे मिळून मागणी करू. धर्मग्रामाच्या वतीने अर्ज लिहून देण्यास आम्ही तयार आहोत. मात्र शेतीसंरक्षणासाठी घेतलेली बंदूक शनिवारच्या मेजवानीसाठी वापरायची आणि वर शेतकऱ्याचे दुःख पुढे करायचे, ही त्या शेतकऱ्याचीच चेष्टा आहे. रानकोंबड्याने कोणाचे खाचर तुडवले?

यातूनच पाचवी गोष्ट निघते आणि ती आम्हाला सर्वांत अधिक टोचते. आपल्या जिल्ह्यात कातकरी बांधवांची वस्ती मोठी आहे. पिढ्यान्‌पिढ्या रानावर जगलेली ही माणसे. त्यांच्यातील एखाद्या मुलाने गलोलीने पाखरू पाडले, तर "हे लोक रान संपवतात" असे आपणच ओसरीवर बसून म्हणतो. त्याच्या घरी त्या दिवशी चूल पेटली होती की नाही, हे आपण विचारीत नाही. आणि आपल्या घरी शीतकपाट भरलेले असताना, बाजारात कोंबडी हवी तेवढी मिळत असताना, केवळ मौजेखातर आपण तेच करतो तेव्हा त्याला 'छंद' म्हणतो. भुकेल्याचा तो गुन्हा आणि तृप्ताची ती करमणूक, हा न्याय कोणत्या शुभवर्तमानात बसतो?

शेवटी राहिला धर्माचा युक्तिवाद. "देवाने माणसाला साऱ्या प्राण्यांवर सत्ता दिली आहे," असे म्हणणारे उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय सांगतात. त्यांनी अनुवादाच्या पुस्तकाचा बाविसावा अध्यायही वाचावा. वाटेत घरटे दिसले तर पिलांबरोबर त्यांच्या आईला धरू नये, अशी तेथे आज्ञा आहे. सत्ता दिली, पण तिला कुंपणही घातले. चैत्र-वैशाखाच्या सुमारास, रानकोंबडीच्या विणीच्या दिवसांत झुडपात घुसणाऱ्या कुत्र्याला हे कुंपण कळत नाही. तो अंड्यांवर बसलेल्या मादीलाच उठवतो.

आमच्या वर्गासाठी तर चर्चने हे कुंपण फार पूर्वी घातले. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन परिषदेने धर्मगुरूंना शिकार वर्ज्य केली आणि त्यासाठी कुत्रे व शिकारी पक्षी पाळण्यासही मनाई केली. १९१७ च्या कॅनन कायद्यातही धर्मगुरूंनी शिकारीत रमू नये, आणि गलबला करून केली जाणारी शिकार तर कधीच करू नये, असे बजावले होते. १९८३ च्या कायद्यात शिकारीचा वेगळा उल्लेख नाही. "पण हे तुमच्यासाठी होते, आमच्यासाठी नव्हे," असे कोणी म्हणेल. मान्य. त्या नियमामागे पक्ष्यांच्या दयेपेक्षा धर्मगुरूंच्या शिस्तीचा विचार अधिक होता, हेही मान्य. आणि शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट आहेत, हेही आम्ही विसरलेलो नाही. मात्र त्यांची कथा नीट आठवावी. आख्यायिका सांगते की, शिकारीच्या ऐन भरात हरणाच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला आणि त्यांचे आयुष्य पालटले.

सर्वांसाठी असलेली शिकवणही स्पष्ट आहे. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक चर्चचा धर्मशिक्षणग्रंथ अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग मान्य करतो. विनाकारण प्राण्यांना यातना देणे किंवा त्यांचा जीव घेणे मात्र मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, असेही तो सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात प्रत्येक जिवाला, माणसाच्या उपयोगापलीकडे, स्वतःचे असे मोल आहे हे विस्ताराने मांडले. आम्ही कोंबडी खातो, मासळीवर तर आपला किनाराच जगतो. तेव्हा येथे प्रश्न मांसाहाराचा नाही. प्रश्न 'विनाकारण' या एका शब्दाचा आहे. मारण्याची मौज हे कारण होऊ शकते काय?

अलिबागकरांना याचे उत्तर शोधायला दूर जावे लागत नाही. आपल्या शेजारच्या किहीमला डॉ. सालिम अली यांच्या नातलगांचे घर होते. लहानपणी मुंबईत त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि त्या प्रश्नातून भारताला एक थोर पक्षिशास्त्रज्ञ मिळाला. पुढेही अभ्यासाचे नमुने म्हणून त्यांनी पक्षी मारले, हे आम्ही लपवीत नाही. पण १९३० साली किहीमला त्यांनी सुगरण पक्ष्यांचे जे निरीक्षण केले, ते बसून, पाहून, टिपून केले. नर घरटे अर्धे विणतो, मादी ते पाहून पसंत करते, मग नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी जगापुढे मांडले. बंदूक हातात असलेल्या किती जणांना ते आजवर दिसले होते? थोडे दक्षिणेला जावे तर फणसाडचे रान आहे. जंजिऱ्याच्या नवाबांचे ते शिकारीचे राखीव जंगल, १९८६ साली अभयारण्य झाले. नवाबाला जे सोडावे लागले, ते चार मित्रांना सोडता येऊ नये?

कोणी म्हणेल, सवय सहज सुटत नाही. अरुणाचल प्रदेशात शिकार ही शतकांची परंपरा होती. तेथे २०२१ साली छऱ्याच्या बंदुका स्वखुशीने जमा करण्याची मोहीम निघाली आणि दोन हजारांहून अधिक बंदुका लोकांनी आणून दिल्या. आपल्या धर्मग्रामात अशा फार तर दहा-बारा असतील.

आता यजमानांना आणि त्यांच्या तिन्ही मित्रांना आमचे सांगणे. त्या छायाचित्रात तुम्हाला जे आवडले ते आम्हालाही आवडले होते. पहाटेची थंडी, मित्रांचा सहवास, कुत्र्यांचा उत्साह आणि परतल्यावरची भूक. यांतील एकाही गोष्टीसाठी बंदूक लागत नाही. कुत्र्याला वास घेत हिंडायचे असते, त्याला पट्ट्याला बांधून डोंगराच्या कडेकडेने न्या. आम्हालाही हाक मारा. पहाटेची मिस्सा आटोपून आम्ही येऊ. दुर्बीण आमच्याजवळ जुनी का होईना, आहे. रानकोंबडा आरवताना ऐकू आला, तर मुलांना ती दिशा दाखवू. न्याहारीचा खर्च आमच्याकडे.

आणि बंदूक घेऊनच जायचे ठरले असेल, तर कृपा करून रस्सा पाठवू नये. आम्ही तो डबा तसाच परत करू, आणि या वेळी हसणार नाही.