कलह आणि कलहाचे मूळ : एका ग्रीक शब्दाचा विचार

उत्सवाच्या पानावर ख्रिस्ती धर्मग्रंथातील एका ग्रीक शब्दाची चर्चा कशासाठी, असा प्रश्न काही श्रद्धाळू वाचकांच्या मनात येईल. आमचे उत्तर सरळ आहे. देवाचे नाव घेणाऱ्यांमध्येच तंटे का माजतात, हा प्रश्न कोणत्याही एका धर्माचा नाही. त्याचे नेमके निदान करणारा शब्द जेथे सापडेल तेथे जाऊन तो समजून घ्यावा, हेच शब्दशास्त्राच्या अभ्यासकास शोभते.

तो शब्द ‘एरिथेइया’. नव्या करारात तो ७ वेळा येतो. जुन्या लॅटिन भाषांतरात त्यासाठी झगडा या अर्थाचा शब्द योजला गेला आणि १६११ च्या सुप्रसिद्ध इंग्रजी भाषांतरातही कलहवाचक शब्दच आले. कारण उघड आहे. ग्रीक भाषेत ‘एरिस’ म्हणजे भांडण, आणि ‘एरिथेइया’ कानाला त्याच कुळातला वाटतो. परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून व्युत्पत्ती ठरवू नये. प्रेषित पौलाने गलतीकरांस आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत दोषांच्या याद्या आहेत. त्यांत हे दोन्ही शब्द एकाच यादीत, पण निरनिराळे आले आहेत. अर्थ एकच असता तर ही द्विरुक्ती कशाला?

‘एरिथेइया’चे मूळ ‘एरिथोस’ या शब्दात आहे. एरिथोस म्हणजे मजुरीवर राबणारा. होमरच्या ‘इलियड’मध्ये अकिलीसच्या ढालीवर कोरलेल्या दृश्यांत विळे घेऊन पीक कापणारे मजूर आहेत, ते एरिथोसच. येथे शब्दाला कसलाही डाग नाही. घाम गाळून मजुरी घेण्यात कमीपणा तो कसला? डाग पुढे लागला. ॲरिस्टॉटलने ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या पाचव्या भागात राज्यव्यवस्था कशाने पालटतात हे सांगताना हा शब्द योजला आहे. हेराइया नगरीत माणसे वळवण्याच्या खटपटी करणारेच निवडून येऊ लागले, म्हणून तेथे निवडणूक सोडून चिठ्ठ्या टाकून अधिकारी नेमू लागले, असे तो सांगतो. जे पद लोकसेवेसाठी, ते स्वार्थाचे साधन झाले. शब्दाचा अर्थ तेथे काळवंडला.

हाच शब्द पौलाच्या लेखणीत येतो, तेव्हा तो बंदिवासात आहे. मॅसिडोनियातील फिलिप्पै येथील मंडळीस तो कळवितो की, काहीजण प्रेमाने ख्रिस्ताची घोषणा करतात, तर काहीजण एरिथेइयेने. बंदिवासात आपल्याला अधिक क्लेश व्हावेत, हाही त्यांचा हेतू. अशा प्रतिस्पर्ध्यांवर तो तुटून पडत नाही. हेतू कसाही असो, ख्रिस्ताचे नाव तर सांगितले जात आहे, यातच तो आनंद मानतो. मात्र त्याच पत्रात पुढे, आपल्या जिव्हाळ्याच्या माणसांना तो बजावतो की, एरिथेइयेने काहीही करू नका. इतरांस आपल्याहून थोर माना. प्रचलित मराठी बायबलात येथे ‘तट’ हा शब्द आढळतो, तो आम्हांस फार मार्मिक वाटतो. भांडण नंतर होते, तट आधी पडतो. आणि तट पडण्याच्याही आधी ‘माझी माणसे किती’ ही मोजदाद मनात सुरू झालेली असते.

मग दांभिकाला मोकळे सोडावे काय, असे कोणी विचारील. तसे नाही. शिकवणच विपरीत असेल तेथे पौल किती कठोर होतो, याला गलतीकरांस लिहिलेले पत्र साक्ष आहे. परंतु शिकवण खरी आणि हेतू तेवढा मलिन, अशा ठिकाणी तो परक्याच्या हेतूचा न्याय करीत बसत नाही. झडती घ्यावयाची ती स्वतःच्या आणि स्वकीयांच्या मनाची. आपण बहुधा नेमके उलट वागतो.

उपदेशाने रोग समूळ हटला, असे मात्र झाले नाही. पौलाच्या हयातीत ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ म्हणणाऱ्या करिंथ येथेच पहिल्या शतकाच्या अखेरीस मंडळीच्या वडीलजनांना पदच्युत केले गेले, आणि रोमच्या मंडळीला समजुतीचे दीर्घ पत्र धाडावे लागले. दुसऱ्या शतकाच्या आरंभी इग्नाटियस यानेही फिलदेल्फियाच्या मंडळीस हाच शब्द योजून इशारा दिला.

आम्ही नारदाच्या गादीवर उभे राहणारे लोक. बिदागी घेतो, आणि ती घेण्यात दोष मानीत नाही. कापणी करणाऱ्याची मजुरी हक्काचीच असते. परंतु शेजारच्या मंडपात श्रोते अधिक जमले असे कानी आले, म्हणजे मनात प्रथम काय उमटते, तेथे या शब्दाची कसोटी लागते. तिकडेही नाम देवाचेच चालले आहे, याचा संतोष वाटला तर आपण सेवेकरी. न वाटला, तर कलह अजून दिसत नसला तरी त्याचे बीज आपल्याच अंगणात पडले आहे, हे प्रत्येकाने उत्सवाच्या या दिवसांत ओळखावे.