सौद्याची किंमत कोणत्या नाण्यात?

एखाद्या क्रीडासंघाने नामांकित खेळाडू घेतला की पहिली चर्चा होते ती पैशाची. अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉलपुरती तरी ही चर्चा बहुधा अस्थानी असते. तेथे खेळाडूंची देवघेव मुख्यतः वस्तुविनिमयाने होते, आणि वस्तुविनिमयात घरातून काय गेले याचा हिशेब आधी मांडावा लागतो. वर्गात ‘पर्यायी खर्च’ शिकवताना प्रस्तुत लेखकाला २०१३ सालचा ब्रुकलिन नेट्सचा व्यवहार हटकून आठवतो.

त्या उन्हाळ्यात ब्रुकलिनने बोस्टन सेल्टिक्सकडून केविन गार्नेट, पॉल पिअर्स व जेसन टेरी यांना मिळवले. गार्नेट ३७ वर्षांचा होता, पिअर्स ३५ वर्षांचा. मोबदल्यात काही खेळाडू तर गेलेच, शिवाय नवोदितांच्या वार्षिक निवडीतील २०१४, २०१६ व २०१८ चे पहिल्या फेरीचे हक्क आणि २०१७ मध्ये क्रमांक बदलून घेण्याची मुभाही गेली. वेतनमर्यादा ओलांडल्याबद्दल पहिल्याच हंगामात भरावा लागलेला सुमारे नऊ कोटी डॉलरचा कर वेगळाच. मालक मिखाईल प्रोखोरोव्ह अब्जाधीश असल्याने ती रक्कम त्यांना जड नव्हती. डोळ्यांत भरली मात्र तीच.

खरी किंमत त्या हक्कांत होती. या निवडीत दुबळ्या संघाला वरचा क्रमांक मिळण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे निवडीचा हक्क हा पराभवाविरुद्धचा विमाच होय. ब्रुकलिनने उतारवयाच्या खेळाडूंवर भिस्त ठेवून आपली जोखीम वाढवली आणि त्याच दिवशी विमापत्रही विकून टाकले. २०१४ मध्ये एक बाद फेरी जिंकली, एवढीच कमाई. पिअर्स त्याच वर्षी गेला, गार्नेट पुढल्या फेब्रुवारीत. २०१६-१७ मध्ये संघाने ८२ पैकी २० सामने जिंकले. त्या दैन्याचे फळ म्हणून आलेला पहिला क्रमांक बोस्टनच्या पदरात पडला. या हक्कांतूनच बोस्टनला जेलेन ब्राउन आणि, फिलाडेल्फियाशी आणखी एक अदलाबदल करून, जेसन टेटम लाभले. २०२४ मध्ये या दोघांसह बोस्टनने विजेतेपद पटकावले.

हे पश्चात्‌बुद्धीचे शहाणपण, असा आक्षेप येईल. पण खेळाडूंची वये आणि हक्कांची वर्षे २०१३ मध्येही कागदावर होती. चाळिशीकडे झुकलेल्यांच्या भरवशावर २०१८ गहाण टाकू नये, हे कळायला ज्योतिषी लागत नाही.

याउलट टोरंटोचे उदाहरण घ्या. २०१८ मध्ये त्या संघाने आपला लाडका डीमार डीरोझन, याकोब पोल्टल आणि एकच हक्क, तोही पहिले वीस क्रमांक स्वतःकडे राखून, देऊन कवाय लेनर्ड व डॅनी ग्रीन यांना आणले. लेनर्ड वर्षभरातच निघून गेला, पण तत्पूर्वी २०१९ चे विजेतेपद मिळाले होते. ते हुकले असते तरीही हा सौदा अविचारी ठरला नसता, असे मी म्हणेन. डाव मोठा होता, पण घर गहाण नव्हते.

ब्रुकलिनच्या मालकाचे तरी काय बिघडले? त्यांनी संघ टप्प्याटप्प्याने जोसेफ त्साय यांना विकला, २०१९ मध्ये उरलेला हिस्साही दिला, तोही दोनशे कोटी डॉलरहून अधिक मूल्य धरून. २० विजयांचा तो हंगाम तिकीट काढून पाहणाऱ्यांना मात्र, पुढच्या वर्षी तरी चांगला मुलगा मिळेल, एवढी आशासुद्धा विकत मिळत नव्हती.